दोन बोटांचा मराठी बाणा

मराठीच्या भवितव्याची काळजी वाहणाऱ्या माणसांना मी हल्ली एकच प्रश्न विचारते: कीबोर्डकडे न बघता मराठीत दहा ओळी टाइप करता येतात का? बहुतेकांना येत नाहीत. कवींना येत नाहीत, संपादकांना येत नाहीत, मराठी विभागाच्या प्रमुखांना येत नाहीत, मराठी पाट्यांसाठी रस्त्यावर उतरणाऱ्यांना तर मुळीच येत नाहीत. ज्यांचा पगार मराठी लिहिण्यावर चालतो, त्यांना मराठी लिहिण्याचं आजचं साधन हाताळता येत नाही आणि त्याची तिळमात्र लाजही वाटत नाही. माझा राग आहे तो या लाज नसण्यावर. रोज अर्धा तास बसलं तर दोन-तीन महिन्यांत हातात येणारी गोष्ट वीस-वीस वर्षं शिकायची नाही आणि वर संगणकाच्या नावाने बोटं मोडायची, हा धडधडीत आळस आहे. त्याला आपण ‘मराठीची तांत्रिक अडचण’ असं भारदस्त नाव देऊन ठेवलं आहे.

मी मजकूर जुळवण्याचं काम करते. दिवाळी अंक, प्रबंध, स्मरणिका, शाळेची गाइडं, सगळं माझ्या टेबलावरून जातं. संध्याकाळी टायपिंग शिकवते. त्यामुळे शिकलेली मराठी माणसं आपली भाषा कशी लिहितात, हे मला कुठल्याही समीक्षकापेक्षा जवळून दिसतं. हाताने लिहिलेल्या पानांचे मोबाइलवर काढलेले तिरके फोटो येतात. फोनशी बोलून उतरवलेला, एकही पूर्णविराम नसलेला मजकूर येतो. आणि सगळ्यात जास्त येतो तो रोमन अक्षरं बडवून, सॉफ्टवेअरने सुचवलेल्या शब्दांतला पहिला शब्द डोळे झाकून पत्करून तयार झालेला मजकूर. तो वरून स्वच्छ दिसतो. आत मात्र जागोजागी किडलेला असतो.

नववीच्या भूमितीचं एक गाइड माझ्याकडे आलं होतं. त्यात पानोपानी ‘दोन कोण समान असतील तर’, ‘या त्रिकोणाचा तिसरा कोण’ असं छापायला निघालं होतं. लेखक स्वतः गणिताचे शिक्षक. त्यांना कोन आणि कोण यांतला फरक माहीत नसेल? उत्तम माहीत आहे. पण रोमन लिपीत न आणि ण यांना एकच अक्षर, ल आणि ळ यांनाही एकच. मग काल की काळ, वेल की वेळ, माल की माळ, मन की मण, हे लेखक ठरवत नाही, सॉफ्टवेअर ठरवतं. त्याच्याकडे एकच निकष असतो, लोक कोणता शब्द जास्त वापरतात. एका इतिहासाच्या प्रबंधात ‘मध्ययुगीन काल’ आणि ‘काळ सकाळी’ एकाच पानावर होते. मार्गदर्शकाने सही केलेली होती. मी दाखवल्यावर संशोधक म्हणाले, “मॅडम, ते गुगलने केलंय.” प्रबंधावर नाव त्यांचं आणि अक्षर निवडणार गुगल! आपल्या भाषेतलं अक्षर कोणतं हे ज्याने दुसऱ्यावर सोपवलं, तो त्या वाक्यापुरता लेखक राहत नाही.

आणि हे सगळं टाळायची सोय आपल्या सगळ्यांच्या संगणकात फुकट पडून आहे. इनस्क्रिप्ट नावाची कीबोर्डची रचना भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रमाण म्हणून पुढे आणली. १९९१ च्या भारतीय मानकात ती आली. विंडोज २००० आलं तेव्हापासून ती विंडोजमध्ये आहे, लिनक्सवर आहे, मॅकवर आहे, फोनवरही मिळते. वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायचं नाही, फाँट शोधायचा नाही, परवाना नाही. सेटिंगमध्ये जाऊन मराठी भाषा जोडली की झालं. तरीही मराठी टाइप करायला काय विकत घ्यावं लागतं, असं मला अजून विचारतात. विचारणारे प्राध्यापक असतात.

या रचनेत काय आहे ते जरा नीट बघा, कारण ती न बघताच लोक ‘फार अवघड’ म्हणून हात झटकतात. स्वर आणि मात्रा बहुतेक डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. म, न आणि व तेवढे डाव्या हाताच्या खालच्या ओळीत. बोटं मधल्या ओळीवर ठेवली की डाव्या हाताखाली ओकाराची मात्रा, एकाराची मात्रा, हलन्त, पहिली वेलांटी आणि पहिला उकार येतात. उजव्या हाताखाली प, र, क, त, च, ट. म्हणजे बोटं मधली ओळ न सोडता चित्र, पत्र, पुत्र, कुत्रे, चक्र आणि तोच हे शब्द लिहू शकतात. ‘क्रिकेट’ हा अख्खा शब्द त्याच ओळीवर होतो. माझ्याकडे येणारी मुलं पहिल्याच आठवड्यात तो मान खाली न घालता लिहितात आणि एकमेकांकडे बघून हसतात. व्यंजन उजवीकडे आणि मात्रा डावीकडे असल्यामुळे हात आळीपाळीने चालतात. ‘प्रकाश’ लिहा: प उजवा, हलन्त डावा, र उजवा, क उजवा, काना डावा, मग डाव्या करंगळीने शिफ्ट धरून उजव्या हाताने श. स वर शिफ्ट म्हणजे श, म वर शिफ्ट म्हणजे ण, ल वर शिफ्ट म्हणजे ळ, क वर शिफ्ट म्हणजे ख. अल्पप्राणावर महाप्राण बसवलेला आहे, म्हणजे बाराखडी आणि वर्णमाला ज्याला पाठ आहे त्याला अर्धा कीबोर्ड आधीच येतो. ज्या क्रमाने उच्चारतो त्याच क्रमाने अक्षरं पडतात. ण लिहायला ण चंच बोट उचलावं लागतं, तिथे कुणी दुसरं ठरवत नाही.

ही आपल्या लिपीचा विचार करून बनवलेली रचना आहे आणि आपण ती अडगळीत टाकली. कारण तिच्या आधी टाइपरायटरवरची रेमिंग्टन रचना होती. टाइपरायटरवर देवनागरी बसवताना खिळे आणि जागा यांची फार ओढाताण होती. अक्षरं तुकड्या-तुकड्यांनी बसवावी लागली, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारावी लागायची. यंत्राची ती अडचण होती आणि त्या काळी दुसरा इलाज नव्हता, त्यामुळे त्या यंत्रांना किंवा ती चालवणाऱ्यांना मी दोष देणार नाही. त्यांच्या बोटांचं कौशल्य आजच्या साहित्यिकांकडे नाही. पण यंत्र गेलं, खिळे गेले, तरी त्यांची गैरसोय आपण संगणकावर जशीच्या तशी उचलून आणली. त्यावर पुन्हा खाजगी फाँटांचा गोंधळ. एका कंपनीच्या फाँटात लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांगोळी दिसायची. पंधरा-वीस वर्षं महाराष्ट्रातली पुस्तकं, अंक, शासकीय कागद अशा फाँटांत जुळवले गेले. आज त्या फायली शोधता येत नाहीत, त्यातला शब्द सापडत नाही, आधी रूपांतर करा, मग पुन्हा प्रूफं तपासा. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. त्यानंतरही आपण हा उद्योग कित्येक वर्षं चालू ठेवला, कारण ऑपरेटरला जुनीच सवय होती आणि त्याला नवं शिकायला आठ आठवडे पगारी द्यायची कुणाची तयारी नव्हती. मालकाला आठ आठवडे महाग वाटले, म्हणून एका पिढीचा मजकूर कुलूपबंद झाला.

आता टायपिंग क्लासकडे येते, कारण खापर नुसतं लेखकांवर फोडून चालणार नाही. महाराष्ट्रात टायपिंग म्हणजे सर्टिफिकेट. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद परीक्षा घेते. लिपिक-टंकलेखक व्हायचं तर मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं प्रमाणपत्र लागतं. २०१७ मध्ये टाइपरायटरवरची परीक्षा संपली आणि सगळं संगणकावर आलं. परीक्षा असायला माझी हरकत नाही. स्पर्धा परीक्षेच्या पोरापोरींना त्या कागदाची किती गरज असते, हे मी रोज बघते. पण त्या कागदापायी शिकवणं कसं नासलं आहे तेही बघते. गल्लीतल्या कित्येक क्लासात मुलाला पहिल्या दिवसापासून तोच पॅसेज, तेच पत्र, तोच तक्ता. परीक्षा चार आठवड्यांवर आली की सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास. बोटं कुठे पडतात कुणी बघत नाही. पोरगं खाली मान घालून चार बोटांनी बडवतं आणि मास्तर मोबाइल बघत बसतो. माझ्याकडे आलेल्या एका मुलीकडे मराठी ३० चं प्रमाणपत्र होतं. मी तिला वर्तमानपत्रातला एक साधा परिच्छेद दिला. तिला तो येईना. तिचे डोळे भरून आले. “मॅडम, हा पॅसेज आम्हाला नव्हता,” ती म्हणाली. त्या क्लासने तिच्या बापाकडून फी घेतली, पास झाल्याचा पेढा खाल्ला आणि तिला काहीच शिकवलं नाही. हा गुन्हाच आहे, भले कायद्याच्या पुस्तकात त्याला कलम नसेल.

चार-चार तास घोटून घेणारे हे क्लास शिकण्याच्या मुळावरच उठतात. ॲलन बॅडली आणि लाँगमन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी पोस्टमनांना टायपिंग शिकवताना हे मोजून पाहिलं आणि १९७८ मध्ये छापलं. कुणाला रोज एक तास बसवलं, कुणाला दोन तास, कुणाला दोन-दोन तासांच्या दोन बैठका. रोज एकच तास बसणारे एकूण तासांच्या हिशेबात सगळ्यात लवकर शिकले, चार तास बसणारे सगळ्यात मागे राहिले. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली, जी मला तरी फार महत्त्वाची वाटते. रोज एक तासवाले स्वतःच्या शिकण्यावर सगळ्यात नाराज होते. दिवस जास्त लागत होते ना. ज्यांचं खरोखर चांगलं चाललं होतं त्यांनाच आपलं काही होत नाही असं वाटत होतं. नियमित सरावाचा हा कडू भाग कुठलाच क्लास फी घेताना सांगत नाही.

मी सांगते. पहिले दोन आठवडे तुमचा वेग तुमच्या जुन्या दोन बोटांच्या वेगापेक्षा कमी असतो. अपमान झाल्यासारखं वाटतं. प्रौढ, शिकलेला माणूस इथेच पळून जातो, कारण त्याला कित्येक वर्षांत कुठल्याच गोष्टीत नवखं असण्याची सवय उरलेली नसते. लहान मुलं पळत नाहीत. अनामिका आणि करंगळी ऐकत नाहीत, तर्जनी त्यांचं काम ओढून घेते. अनुस्वार डाव्या अनामिकेने द्यायचा असतो आणि तो प्रत्येक वेळी मधलं बोट पळवून नेतं. तिथे थांबून, चुकलेलं खोडून, पुन्हा त्याच बोटाने द्यावा लागतो. वेगाकडे बघायचं नाही, चुकीकडे बघायचं, कारण चुकीची हालचालही सरावाने तितकीच पक्की होते. कीबोर्डवर देवनागरी स्टिकर चिकटवून येतात त्यांचे स्टिकर मी काढायला लावते. अक्षर दिसलं की डोळा खाली जातो आणि डोळा खाली गेला की बोट शिकत नाही. महिनाभराने वेग अडकतो. रोज तेवढाच, काही केल्या वाढत नाही. टायपिंग शिकताना येणारे हे थांबे विल्यम बुक यांनी १९०८ मध्येच नोंदवून ठेवले आहेत. थांब्यावर सराव सोडायचा नाही, एवढंच त्यावर औषध. मग एक दिवस ‘आणि’, ‘नाही’, ‘होते’, ‘त्यामुळे’ हे शब्द अक्षर-अक्षर न राहता एका झटक्यात पडायला लागतात. अक्षराचा विचार संपतो आणि वाक्याचा सुरू होतो.

त्यानंतर हाताला जे येतं ते डोक्याला सांगताही येत नाही. अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठात गॉर्डन लोगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिनिटाला सरासरी ७० हून अधिक शब्द टाइप करणाऱ्यांना कोरा कीबोर्ड दाखवून अक्षरं भरायला सांगितली. २६ पैकी सरासरी १५ च्या आसपासच अक्षरं त्यांना बरोबर भरता आली. बोटांना सगळं येत होतं. माझ्याकडच्या मुलींना विचारा, ध कुठे आहे? त्या हवेत बोट हलवून मग सांगतात. लिहिणाऱ्याला याहून मोठी मोकळीक कोणती हवी? वाक्य मनात आलं आणि ते कुठल्या कळेवर आहे हे शोधत बसावं लागलं नाही. दोन बोटांनी लिहिणाऱ्याचं वाक्य कळ शोधता-शोधता विटून जातं. लांब, गुंतलेलं वाक्य तो टाळतो. जोडाक्षर जड वाटलं की सोपा शब्द घेतो, तोही सापडला नाही की इंग्रजी शब्द टाकतो. आलेल्या मजकुरात मी हे रोज बघते: ज्यांचं हस्तलिखित रसरशीत असतं, त्यांचाच टाइप केलेला ई-मेल वाळलेला असतो.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: “आता बोललं की टाइप होतं, बोटं कशाला झिजवायची?” बोलून टाइप होतं, हे खरं. ज्यांचे हात चालत नाहीत, डोळे चालत नाहीत, त्यांच्यासाठी ती मोठीच सोय आहे आणि त्यांना कुणी नावं ठेवू नयेत. पण धडधाकट लेखकाने तीच आपली लेखणी मानली तर काय होतं ते मी बघितलं आहे. मालवणी संवाद असलेली एक कथा अशीच बोलून उतरवलेली आली. यंत्राने निम्मे मालवणी शब्द पुस्तकी मराठीत फिरवून ठेवले होते आणि लेखकाने ते तसेच पाठवले. गावांची नावं बिघडलेली, माणसांची नावं बिघडलेली. ते दुरुस्त करायला शेवटी बोटंच लागली, आणि ती माझी होती. शिवाय कचेरीत, वाचनालयात, घरात झोपलेल्या पोराशेजारी कोण मोठ्याने लेख बोलणार? खोडणं, फिरवणं, अर्धं वाक्य वर नेणं, हे लिहिण्यातलं निम्मं काम. ते बोलून होत नाही.

दुसरा आक्षेप जरा अभ्यासू असतो. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की शास्त्रशुद्ध न शिकलेले, स्वतःच्या पद्धतीने टाइप करणारे काही लोकही दहा बोटांवाल्यांइतकेच वेगवान असतात. हा निष्कर्ष मला मान्य आहे. पण तो अर्धाच सांगतात. त्याच अभ्यासात न शिकलेली माणसं स्वतःच्या बोटांकडे जास्त वेळ बघत होती. आणि ती माणसं वेगवान का होती? एक अक्षर नेहमी एकाच बोटाने मारण्याची त्यांची सवय पक्की होती म्हणून, म्हणजे त्यांनीही सरावच केला होता. शिवाय ते टंकन रोमन लिपीतलं. तिथे लहानपणापासून रोज तीच कळ दाबून दाबून हात आपोआप बसतो. मराठीत आपण तेवढं टाइपच करत नाही. इथे न शिकता हात बसेल अशी आशा धरणारे गेली दोन दशकं आशाच धरून आहेत.

न शिकण्याचं खरं कारण या दोन्हींत नाही. खरं कारण असं की टायपिंग हे आपल्याकडे हलकं काम मानलं जातं. एका प्राध्यापकांना मी इनस्क्रिप्ट शिका म्हटलं, तर ते म्हणाले, “अहो, हे ऑपरेटरचं काम. आम्ही विचार करायचा की कळा बडवायच्या?” समोर त्यांच्या पुस्तकाची तिसरी प्रूफं होती, त्यांच्याच चुका मी तिसऱ्यांदा काढत होते. टायपिंग क्लासात कोण जातं? बारावी झालेली शेतकऱ्याची मुलगी, रिक्षावाल्याचा मुलगा, नवरा गेल्यावर नोकरी शोधणारी बाई. ज्यांच्या घरात पुस्तकांचं कपाट आहे त्यांची मुलं तिथे जात नाहीत. हे नाक मुरडणं जुनं आहे आणि त्याची किंमत आपण एकदा मोजली आहे. १९६६ मध्ये शिवसेना निघाली तेव्हा मुंबईतल्या कचेऱ्यांत बसलेल्या दाक्षिणात्य टायपिस्ट-स्टेनोंवर मराठी माणसाचा केवढा राग होता! ती मुलं आपल्या गावात टायपिंग आणि शॉर्टहँडच्या परीक्षा देऊन मगच गाडीत बसली होती. त्यांच्यावर मोर्चे काढायला आपल्याकडे वेळ होता. मराठी मुलांना संध्याकाळी टाइपरायटरसमोर बसवावं, हे सांगणारे आवाज तेव्हाही कमी होते आणि आजही कमीच आहेत.

१८८८ मध्ये सिनसिनाटीला फ्रँक मॅकगरिन नावाच्या कोर्टातल्या लघुलेखकाने कीबोर्ड पाठ करून, सगळी बोटं वापरून, न बघता टाइप करून लुई ट्रॉब या दुसऱ्या टंकलेखकाला स्पर्धेत हरवलं, तेव्हापासून ही विद्या जगजाहीर आहे. तिच्यात गुपित काही उरलेलं नाही. आपल्याकडे ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. पेढे वाटले, फलक लागले. त्या फलकांचा मजकूर अर्ध्याअधिक ठिकाणी रोमन अक्षरं बडवून केलेला होता, हे मी फलक छापणाऱ्यांकडे बसून बघितलं आहे. त्यात कुठे न चा ण झाला होता, कुठे ळ चा ल. दर्जा केंद्र सरकार देतं, ळ मात्र आपलाच आपल्याला टाइप करावा लागतो.

वयाची सबब सांगणाऱ्यांना मी माझ्या एका विद्यार्थिनीबद्दल सांगते. त्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहेत. आल्या तेव्हा उजव्या हाताच्या बोटाला सांधेदुखी होती. मी म्हटलं, “बाई, जमेल तेवढंच करा.” त्या रोज यायच्या, वीस मिनिटं बसायच्या, उठून जायच्या. कधी दोन तास बसल्या नाहीत, कधी चार दिवस गैरहजर राहिल्या नाहीत. जात्यावरच्या ओव्या त्यांच्या आईच्या तोंडून ऐकलेल्या होत्या, त्या आता त्या स्वतः टाइप करून ठेवत आहेत. एकेका ओवीत ळ किती वेळा येतो ते मोजून बघा, मग कळेल की हे काम रोमनमधून का करता येत नाही. त्यांच्याहून वीस वर्षांनी तरुण असलेले प्राध्यापक मला वय झाल्याचं सांगतात.

मला लहान मुलांची जास्त चिंता आहे. शाळेत संगणक कक्ष आहे, आठवड्याला तास आहे, शिक्षक आहे. त्या तासाला मुलं काय करतात? चित्र रंगवतात, इंग्रजीत स्वतःचं नाव टाइप करून त्याचा रंग बदलतात. पाचवी-सहावीत त्याच तासातली वीस मिनिटं मराठी इनस्क्रिप्टला दिली आणि घरी किंवा शाळेतच रोज थोडा सराव ठेवला, तर सातवीला जाईपर्यंत वर्गातलं प्रत्येक पोर न बघता मराठी लिहील. त्यासाठी पैसा लागत नाही. समिती नेमावी लागत नाही. माझ्या भागातल्या एका मराठी शाळेच्या मुख्याध्यापकांकडे मी हेच घेऊन गेले होते, फुकट शिकवते म्हणाले. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, पालक विचारतील, मराठी टायपिंग शिकवून आमच्या मुलांना क्लार्क करायचंय का?” मी म्हटलं, “विचारणाऱ्या पालकांना माझ्याकडे पाठवा. आणि तोपर्यंत तुमच्या शाळेच्या वार्षिक अहवालाचं हस्तलिखित माझ्याकडे पाठवू नका. ते तुमच्या इंग्रजी शिकलेल्या मुलांकडून टाइप करून घ्या.”